प्रतिसरकारचे नाना दिल्लीला का गेले?

प्रश्न : क्रांतिसिंह नाना पाटलांचं गाव येडेमच्छिंद्र, म्हणजे सांगली जिल्हा. मग १९५७ साली ते साताऱ्याचे खासदार कसे? आणि ज्यांनी गावोगाव स्वतःचं सरकार उभं केलं, ते निवडणुकीच्या भानगडीत पडलेच कशाला?
– एक वाचक, विटा

उत्तर : पहिलं कोडं लगेच सुटतं. इंग्रजांविरुद्ध गावोगाव उभ्या केलेल्या प्रतिसरकारच्या काळात नानांचा वाळवा, तासगाव, तुमचा खानापूर हे सगळे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. साताऱ्याला नाना परके नव्हतेच.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र त्यांच्या नोकरीपर्यंत मागं जावं लागेल. नाना मुळात तलाठी. जमीन कुणाच्या नावावर, कसतो कोण, सावकाराकडे गहाण काय पडलंय, हे त्यांनी दप्तर हाताळताना जवळून पाहिलं. १९३० च्या कायदेभंगात ती नोकरी त्यांनी सोडली. पुढं १९४३ ते ४६ प्रतिसरकार चाललं. सावकार आणि गावगुंडांना दिलेल्या शिक्षांच्याच गोष्टी आज रंगवून सांगतात, पण मला त्याच्या न्यायमंडळांचं, म्हणजे गावातल्या गावात तंटे मिटवणाऱ्या पंचांचं, मोल त्याहून मोठं वाटतं. आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. आजोबांचा बांधाचा तंटा कचेरीत भिजत पडला होता. न्यायमंडळानं तो देवळापुढं पंच बसवून मिटवला. ना वकील, ना स्टँप. त्यानंतर दोन्ही घरं पुन्हा एकमेकांच्या कार्याला जाऊ लागली, असं आजी सांगायची. गांधी विवाहही त्याच विचारातले. हुंडा नाही, मानपान नाही, म्हणजे पोरीच्या लग्नापायी रान गहाण पडायला नको.

स्वातंत्र्य आलं तरी कसणाऱ्याचा प्रश्न संपला नव्हता, म्हणून नानाही थांबले नाहीत. काँग्रेस सोडून ते शेतकरी कामगार पक्षात आणि तिथून कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५५ मध्ये डहाणूच्या अधिवेशनात अखिल भारतीय किसान सभेचे अध्यक्ष झाले. पक्ष बदलले म्हणून त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी एवढं बघावं, की शेतकऱ्याची बाजू त्यांनी कुठंही सोडली नाही. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते लोकसभेत पोचले आणि तिथं मराठीतून बोलले. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहिलेले यशवंतराव चव्हाण त्याच निवडणुकीत समोरच्या बाजूला, मराठी-गुजराती द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते आणि कराडला थोडक्या मतांनी निवडून आले.

साताऱ्यानं नानांना निवडून दिलं ते आपला माणूस म्हणून, हे कुणीही मान्य करील. पण १९६७ साली ते बीडमधून खासदार झाले. बेचाळीस साली बीड निजामाच्या राज्यात होतं; तिथल्या कुणाच्याही बांधाचा तंटा आपल्या न्यायमंडळांनी सोडवला नव्हता. तरी तिथल्या शेतकऱ्यांनी त्यांना मतं दिली. माझ्या मते हा त्यांचा साताऱ्याहूनही मोठा विजय.