आधी गुगल नको, आधी प्रश्न द्या

ताई, टॅब आले म्हणून सातवीच्या पोरांना लगेच सर्चला बसवू नका, पहिली लिंक वहीत उतरवून मोकळी होतात. मी दापोलीकडे एकच प्रश्न दिला, भरतीची वेळ रोज का बदलते? आठवडाभर जेटीवर पाणी चढायचं थांबलं की मोबाईलवर फोटो, फोटोत वेळ आपोआप येतेच, मग त्या वेळा एक्सेलमध्ये टाकल्या आणि भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे जातेय हे त्यांचं त्यांनाच दिसलं!! मग चंद्राबद्दल नेटवर जे वाचलं ते मनापासून वाचलं. उधाण म्हणजे मोठी भरती अमावास्या-पौर्णिमेला, भांग म्हणजे लहान भरती अष्टमीच्या आसपास, हे आजोबांकडून रेकॉर्ड करून आणलं. नेटवरचं वाचन सोडलं तर रेंज नसली तरी हे सगळं चालतं. फक्त दोन साइट ताडून बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.