मेंदूत गुठळी डाव्या बाजूला, मग वडिलांचा उजवा हात का लुळा पडला?

कारण मोठ्या मेंदूतून निघालेले हालचालीचे बहुतेक तंतू मानेच्या वर, लंबमज्जेत (मेंदूचा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला जोडणारा सगळ्यात खालचा भाग), बाजू बदलतात. त्यामुळे डावा मेंदू उजवं अंग हलवतो. हुकूम सुटतो तो कपाळामागच्या भागाच्या मागच्या कडेवरच्या पट्टीतून. या पट्टीत बोटं आणि ओठ-जीभ यांना पाठीपेक्षा कितीतरी जास्त जागा आहे. म्हणून हातासोबत बोलणंही अडखळू शकतं.

पण हुकूम सुटला म्हणजे काम झालं असं नाही. आपल्या सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा माणूस आठवा. एवढी उंच काठी किंचित कलली की विचार करायच्या आत त्याचं अंग सावरतं. ही सावरासावर डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू करतो. तिथे इजा झाली तर अंग लुळं पडत नाही, तोल जातो, आणि तोही त्याच बाजूचा!

मोठ्या मेंदूच्या खोल आतले पेशींचे पुंजके हालचाल सुरू करायला मदत करतात. पार्किन्सनच्या आजारात तिथे डोपामाइन हे निरोप पोचवणारं रसायन कमी पडतं.

वडिलांचा व्यायाम मात्र थांबवू नका. इजा झालेल्या जागेच्या शेजारच्या पेशी सरावाने त्यातलं काही काम उचलू लागतात, आणि पहिले काही महिने त्यासाठी सगळ्यात मोलाचे असतात.