वाचकांचे प्रश्न : ओमानच्या वाळवंटी किनाऱ्यावर मुक्कामाला जाताना

प्रश्न : माझा मुलगा मस्कतला नोकरीला आहे. डिसेंबरच्या अखेरीस आम्ही तीन कुटुंबे मस्कतहून सूर, खलूफ, दुक्म, शुवैमिया अशी समुद्राच्या कडेकडेने सलालापर्यंत जाणार आहोत. हॉटेलात न उतरता किनाऱ्यावर तंबू ठोकायचे आणि जमेल तेथे डांबरी रस्ता सोडून वाळूतून जायचे, असे ठरले आहे. गाड्या दोन असून दोन्ही फोर व्हील ड्राइव्ह आहेत. मुलाच्या एका सहकाऱ्याने आठ वर्षांपूर्वी हाच प्रवास केला होता. त्याने जीपीएसवर नोंदवलेली वाट आमच्याकडे आहे. तीच धरून गेलो तर चालेल का? पौर्णिमेच्या रात्री खलूफला असावे, अशीही सर्वांची इच्छा आहे. – एक वाचक, पुणे

उत्तर : ऋतू योग्य निवडला आहे आणि दोन गाड्या नेण्याचा निर्णय तर फारच शहाणपणाचा आहे. आठ वर्षांपूर्वीची नोंद मात्र गावे कोठे आहेत आणि साधारण कोणत्या दिशेने जायचे, एवढे समजण्यापुरतीच जवळ ठेवावी. तिच्या भरवशावर गाडी हाकू नये. हैमावरून जाणाऱ्या आतल्या महामार्गाने मस्कत ते सलाला हे अंतर सुमारे १००० किलोमीटर आहे आणि तो रस्ता जेथे काल होता तेथेच आज असतो. तुम्ही निवडलेल्या किनाऱ्याचे तसे नाही. तेथे वाळू सरकते, खाजणाची जमीन भिजते आणि वाळते, चक्रीवादळात वाड्यांना, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नद्यांना, पूर येऊन पात्रे बदलतात, आणि गेल्या पंधरा वर्षांत माणसानेही तेथे बरेच काही नव्याने उभे केले आहे.

आधी वाळूविषयी. सूरच्या दक्षिणेला सुरू होणारे शर्किया वाळवंट, ज्याला जुने लोक वहीबा म्हणतात, सुमारे १२,५०० चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याची वाळू थेट समुद्राला भिडते. शेवटच्या हिमयुगात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती. अशा हिमयुगांत उघड्या पडलेल्या समुद्रतळावरील शंखशिंपल्यांचा चुरा वाऱ्याने आत वाहून आणला, पुढे तो घट्ट होऊन त्याचा खडक झाला, आणि किनाऱ्यालगत आज फिकट रंगाचे, थराथरांचे जे कातळ दिसतात ते त्याच वाळूचे आहेत. हे केवळ माहितीसाठी सांगत नाही. वाळूत चालवण्यासाठी टायरमधली हवा कमी केलेली असते, तेव्हा त्याच्या बाजूची भिंत फुगून बाहेर येते, आणि वाळूच्या पातळ थराखाली दडलेली या कातळाची धार नेमकी तेथेच लागते. जुन्या नोंदीत ज्या जागी मऊ उतार होता, तेथे एका पावसाळी मोसमाच्या वाऱ्याने वाळू उडून कातळ उघडा पडलेला असू शकतो. म्हणून कातळाचा भाग आला की एकाने पायी पुढे चालावे आणि गाडीने त्याच्या मागून यावे.

याहून अधिक सावध राहायचे ते सबखात. खलूफच्या उत्तरेला बर अल हिकमान नावाचे अगदी सपाट द्वीपकल्प आहे आणि त्याचा मोठा भाग सबखाने व्यापलेला आहे. कच्छच्या रणात गेलेल्यांना ही जमीन ओळखीची वाटेल. खारे भूजल पृष्ठभागाच्या अगदी जवळ असते, उन्हाने त्याची वाफ होते, मीठ आणि जिप्सम वर राहतात आणि त्यांचा टणक दिसणारा पापुद्रा तयार होतो. पापुद्र्याखाली काळपट, चिकट चिखल असतो. गाडी त्यातून आत गेली की चाके फिरवल्याने ती आणखी खोल जाते, आसापर्यंत रुतते, आणि फावड्याने खणावे तर खड्ड्यात पाणी भरते. मोठ्या भरतीनंतर किंवा थोड्याशा पावसानंतर कालची चांगली वाट आज गाडीचे वजन पेलत नाही. जमीन पाहण्याची रीत साधी आहे : खाली उतरावे, बुटाची टाच जोराने रोवावी, पापुद्रा फुटून टाच ओली झाली, तर मागे फिरावे. जेथे पृष्ठभागाचा रंग एकाएकी गडद होतो तेथे तर उतरून पाहण्याचीही गरज नाही, तेथून लांबच राहावे. ताज्या चाकोऱ्या असतील तर त्यांच्या बाहेर जाऊ नये, आणि नसतील तर कितीही किलोमीटरचा वळसा पडला तरी तो घ्यावा. दोन गाड्यांमध्ये पुरेसे अंतर ठेवावे, कारण पहिली रुतल्यावर दुसरी घट्ट जमिनीवर असली तरच तिचा उपयोग होतो. लांब दोर सोबत असावा.

पौर्णिमेच्या बाबतीत तुमची हौस समजू शकते. खलूफच्या दक्षिणेच्या पांढऱ्याशुभ्र टेकड्या चांदण्यात पाहण्यासारख्या असतातच. परंतु पौर्णिमा म्हणजे उधाण. त्या सुमारास ओहोटी खूप मागे जाते, टणक ओल्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि त्यावरून गाडी सुरेख चालते. मात्र त्यानंतरची भरती तितकीच वर येते आणि काही ठिकाणी टेकडीच्या पायथ्याला टेकते. एका बाजूला वाळूचा उभा चढ आणि दुसऱ्या बाजूला चढते पाणी, अशा जागी अडकलेली गाडी वाचवायला फार वेळ मिळत नाही. तेव्हा पाणी उतरत असतानाच किनाऱ्यावर उतरावे, ओहोटी पूर्ण होण्यापूर्वी निम्म्याहून अधिक अंतर कापलेले असावे, आणि पाणी चढू लागण्याआधी वर येण्याची जागा हेरून ठेवलेली असावी. तंबूसाठी शेवाळ, शिंपले, जाळ्यांचे तुकडे यांची जी रेघ भरतीने मागे ठेवलेली असते, ती पाहावी. अशा रेघा बहुधा एकाहून अधिक असतात. सर्वांत वरच्या रेघेच्याही बरेच वर मुक्काम करावा. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, भरती इतकी वर येत नाही. लहान मुले बरोबर असतील तर मी ते दिवस निवडीन आणि चांदण्याचा मोह सोडीन.

दुक्मविषयी तुमच्या नोंदीतली माहिती बहुतेक निरुपयोगी झाली असेल. एके काळी हे मच्छीमारांचे छोटे गाव होते. २०११ मध्ये तेथे विशेष आर्थिक क्षेत्राची स्थापना झाली. मोठे बंदर आणि जहाजदुरुस्तीची गोदी झाली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत दिवसाला २,३०,००० बॅरल क्षमतेच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचे उद्घाटन झाले. भारतीय नौदलाच्या जहाजांनाही २०१८ च्या करारानंतर या बंदराची सोय मिळाली आहे. आता याच टापूत हरित हायड्रोजनच्या प्रकल्पांसाठी मोठमोठे भूखंड देण्यात आले आहेत. त्यामुळे जेथून पूर्वी सरळ समुद्रावर जाता येई तेथे आज कुंपण असू शकते, आणि कुंपणाच्या कडेने वाट शोधत बसण्यात अर्थ नसतो. दुक्मला इंधन, पाणी भरून घ्यावे, तेथील वाऱ्यापाण्याने कोरलेल्या प्राचीन खडकांची बाग पाहावी आणि पुढे निघावे. पुढे रास मद्रकाचे काळे खडक लागतात. खलूफच्या पांढऱ्या वाळूनंतर ते अधिकच काळे भासतात. शुवैमिया ते हासिक या टप्प्यात डोंगर थेट समुद्रात उतरतात, आणि पूर्वी तेथे किनाऱ्याची वाट तुटत असे. आता तेथे पक्का रस्ता आहे. हा बदल मात्र तुमच्या सोयीचा आहे, त्यामुळे तेथे आडवाट शोधण्याचा हट्ट धरू नये.

आता तयारीचे थोडक्यात. मऊ वाळूसाठी टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवावी आणि डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरावी, त्यासाठी स्वतःचा कॉम्प्रेसर हवा. सकाळी दवाने ओलसर झालेली वाळू टणक असते, दुपारी तीच सैल होते, म्हणून अवघड टप्पे सकाळी उरकावेत. पिण्याचे पाणी माणशी रोज पाच-सहा लिटर धरून, वर दोन दिवसांचे जास्त घ्यावे. या किनाऱ्यावर रात्री दव इतके पडते की तंबू सकाळी निथळत असतो. अंथरुणे उघड्यावर ठेवू नयेत. वाडीच्या पात्रात, आकाश निरभ्र असले तरी, मुक्काम करू नये. गाडी भाड्याची असेल तर आडवाटेवरच्या नुकसानीला विमा लागू आहे का, हे करारात वाचून घ्यावे. अडचणीत ओमान पोलिसांचा क्रमांक ९९९९ आहे, परंतु मोबाइलला सर्वत्र रेंज मिळत नाही. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे उपकरण मिळाले तर अवश्य घ्यावे.

या सगळ्यापेक्षा माझा भर एका गोष्टीवर आहे : प्रत्येक गावात थांबून मच्छीमारांना विचारावे. जनबा या बदू जमातीची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या किनाऱ्यावर आहेत, त्यांच्या पिकअप गाड्या रोज वाळूवरून ये-जा करतात, आणि आज कोणती वाट धरते व कोणती धरत नाही हे त्यांच्याइतके नेमके कोणताही नकाशा सांगू शकत नाही. ओमानमध्ये हिंदी समजणारे पुष्कळ जण भेटतात, त्यामुळे भाषेची अडचण फारशी येणार नाही. त्यांच्या जाळ्यांजवळ, होड्यांजवळ किंवा घरांच्या दृष्टिपथात तंबू ठोकू नयेत. वाटेत घाफची झाडे दिसतील, ती म्हणजे आपली शमी. तिची फांदी शेकोटीसाठी तोडू नये. लाकूड मस्कतहूनच न्यावे.

प्रश्न : आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. तोच हिशेब ओमानच्या किनाऱ्यावर लावता येईल का? समुद्र तर एकच आहे. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : लावता येणार नाही. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे, आणि आपल्या हिशेबातली पाऊणपट त्यातूनच आली आहे. परंतु चंद्र डोक्यावर आल्यापासून पाणी पूर्ण भरेपर्यंत किती वेळ जातो, हे किनाऱ्याची ठेवण आणि समुद्राची खोली यांवर ठरते, आणि प्रत्येक बंदरागणिक ते वेगळे असते. कोकणचा हिशेब कोकणापुरताच खरा आहे. शिवाय ओमानच्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या बऱ्याचदा असमान असतात. दुपारची बेताची पाहून तंबू ठोकला आणि रात्रीची त्याहून वर आली, असे घडू शकते. म्हणून दुक्म किंवा जवळचे मसीरा बेट यांच्यासाठी छापलेले भरती-ओहोटीचे कोष्टकच वापरावे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग, एवढे कोकणातले ज्ञान तेथेही तुमच्या कामी येईल.

प्रश्न : मुलांना सुटी मे महिन्यातच असते. तेव्हा हा प्रवास करता येईल का? कासवे आणि पक्षी दाखवण्याची इच्छा आहे. – एक वाचक, ठाणे

उत्तर : मेमध्ये तंबूचा प्रवास करू नये. उष्णता हे एक कारण आहे. दुसरे अधिक गंभीर आहे. मे-जून हा अरबी समुद्रातील चक्रीवादळांचा काळ असतो. गोनू हे वादळ जून २००७ मध्ये आले, आणि मेकुनू २५ मे २०१८ रोजी सलालाजवळ धडकले तेव्हा वर्षाकाठी जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिमीटर पावसाच्या या शहरावर काही दिवसांत ६०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. त्यानंतर जूनपासून सप्टेंबरपर्यंत, जे नैर्ऋत्य वारे आपल्याकडे पाऊस आणतात तेच ओमानच्या किनाऱ्याला समांतर, अतिशय जोराने वाहतात. ते पृष्ठभागाचे पाणी दूर लोटतात, तळाचे थंड पाणी वर येते, त्यातून धुके दाटते आणि मासळीला भरपूर अन्न मिळते. मच्छीमारांचे जीवन या पाण्यावर उभे आहे, परंतु त्या वाऱ्यात तंबू टिकत नाही आणि उडत्या वाळूत पुढचे दिसत नाही.

पक्ष्यांसाठी हिवाळाच हवा. बर अल हिकमानच्या चिखलपट्ट्यांवर हिवाळ्यात सुमारे पाच लाख पाणपक्षी उतरतात. त्यांत क्रॅब प्लोव्हर मोठ्या संख्येने असतात आणि रोहितही दिसतात. जवळच महूतच्या किनाऱ्यावर तिवरांचे वन आहे. ओमानमध्ये कांदळवनाची ही एकच जात आढळते. ओहोटीच्या वेळी पक्षी चरत असतात तेव्हा त्यांच्या दिशेने गाडी नेऊ नये, कारण दूरच्या परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवण्याचे त्यांचे हे दिवस असतात आणि प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते.

कासवांसाठी मे महिना वाईट नाही, मात्र त्यासाठी मसीराला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मसीरा बेटावर लॉगरहेड कासवे याच सुमारास अंडी घालतात. जगातील त्यांच्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी ही एक असून गेल्या काही दशकांत तेथील संख्या खूप घटली आहे. चाकोऱ्यांनी खचलेली वाळू आणि गाड्यांचे दिवे यांमुळे पिल्ले समुद्राकडे न जाता भरकटतात. त्याऐवजी सूरजवळच्या रास अल जिन्झला जावे. तेथे हिरवी कासवे वर्षभर येतात, रात्री मार्गदर्शकाबरोबर ठरावीक संख्येनेच लोकांना किनाऱ्यावर नेले जाते, आणि मस्कतहून तेथपर्यंत डांबरी रस्ता असल्याने मेच्या उन्हातही लहान मुलांना नेता येते. नोंदणी आधी करावी, विजेरी बंद ठेवावी आणि मार्गदर्शक सांगेल तेव्हाच पुढे व्हावे.