ब्रेकर पडला, पाडला की बंद केला?

बॅटरीवर चालणाऱ्या सौरसंचाच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करणाऱ्या एका वाचकांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. 'सर्किट ब्रेकर'साठी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप वीज तोडणाऱ्या खटक्यासाठी, 'परिपथ खंडक' लिहावं का? आणि मूळ इंग्रजीतल्या 'क्लोज द बॅटरी ब्रेकर' या सूचनेचं 'बॅटरीचा ब्रेकर बंद करा' हे भाषांतर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचं आहे. चालणार नाही. सूचना बरोबर उलटी झाली आहे.

इंग्रजीत परिपथ 'क्लोज' केला म्हणजे टोकं एकमेकांना भिडली, वाट पुरी झाली, वीज वाहू लागली. 'ओपन' केला म्हणजे मध्ये फट पडली, प्रवाह थांबला. शाळेतल्या विज्ञानानं हेच शब्द 'बंद परिपथ' आणि 'खुला परिपथ' असे घेतले. घरात मात्र आपण 'दिवा बंद कर' म्हणतो तेव्हा तो विझायला हवा असतो. मराठीत फारसीतून आलेल्या या 'बंद'ला दोन अर्थ चिकटले आहेत. दार बंद, डबा बंद, इथे तो 'मिटलेलं'. घड्याळ बंद, गिरणी बंद, इथे तो 'थांबलेलं'. एरवी दोन्ही अर्थ गुण्यागोविंदानं नांदतात, कारण दार मिटलं की ये-जाही थांबते. विजेत ते आमनेसामने उभे राहतात: फट मिटली की प्रवाह थांबत नाही, सुरू होतो.

म्हणून माझं ठाम मत असं की, पुस्तिकेत 'बंद' हा शब्द फक्त घरगुती अर्थानं वापरावा, आणि परिपथाबद्दल बोलताना 'जोडलेला' व 'तुटलेला' म्हणावं. 'बॅटरीचा ब्रेकर चालू करा' किंवा 'ब्रेकर वर करून बॅटरी जोडा' यात कुणाची फसगत होणार नाही. शेजारी ब्रेकरवरच्या खुणाही सांगाव्यात: उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. गोल पाहून 'पूर्ण वर्तुळ, म्हणजे परिपथ पूर्ण' असा अर्थ लावणारे असतात, आणि त्यांच्या तर्कात तसं काही वावगं नाही. ब्रेकर आडवा बसवला असेल तर 'वर' आणि 'खाली' हे शब्द निरुपयोगी होतात. तिथे या खुणाच खऱ्या.

आता 'परिपथ खंडक'. शब्द चुकीचा नाही, उलट नीट घडवलेला आहे. इंग्रजीतलं एकच 'ब्रेक' मराठीत तिघांत वाटलं जातं: काठी मोडते, काच फुटते, दोरी तुटते. ब्रेकर मोडत नाही, फुटतही नाही. तो तोडतो, आणि 'खंडित पुरवठा' आपण रोज वाचतो, तेव्हा 'खंडक' कानाला परका नाही. तरीही मी 'ब्रेकर'च लिहीन. पेटीसमोर उभा असलेला माणूस हाच शब्द बोलतो, आणि घाईच्या वेळी त्याला पुस्तिकेतला शब्द मनात उलटवत बसायला लागू नये.

मराठी दाखवायची तर ती क्रियापदांत दाखवावी. 'ब्रेकर पडला' म्हणजे अतिभारामुळे किंवा शॉर्ट सर्किटमुळे तो आपोआप सुटला. 'ब्रेकर पाडला' म्हणजे कुणी हातानं खाली केला. एका काना-मात्रेएवढ्या फरकात केवढी माहिती आहे! पडलेल्या ब्रेकरचं कारण शोधायचं असतं. पाडलेल्या ब्रेकरच्या बाबतीत तो पाडणाऱ्याला विचारायचं असतं, कारण तो कदाचित आत तारा जोडत बसला असेल. 'ट्रिप झाला' म्हणायला हरकत नाही, पण 'ट्रिप केला' लिहून हा भेद पुसू नये. फ्यूज मात्र 'उडतो' किंवा 'जातो'. तेही चपखल आहे: पडलेलं उचलता येतं, उडालेलं परत येत नाही, फ्यूज नवाच घालावा लागतो.

'तोडणे' या क्रियापदाचा एक पदर मात्र फसवा आहे. दोरी तोडली की तुटली, क्षणात. वीज तशी तुटेलच असं नाही. घरातला ५० हर्ट्‌झचा एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा, प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे टोकं दूर होताना पेटलेली ज्योत विझायला वाव मिळतो. बॅटरी आणि सौर पॅनेलचा डीसी, म्हणजे अशी उलटापालट न होणारा, प्रवाह आपोआप शून्यावर येतच नाही; फटीतून ज्योत तशीच जळत राहू शकते. तिला 'ठिणगी' म्हणू नये. ठिणगी उडून विझते, ही टिकते. 'आर्क' लिहावं आणि एकदा 'टिकून राहणारी ज्योत' असं समजवावं. 'डीसी ब्रेकर'मधला 'डीसी' हे दोन अक्षरांचं विशेषण भाषांतरात गाळू नये, ते याचसाठी.

काही डीसी ब्रेकर एकाच दिशेचे असतात. आतलं चुंबक आर्कला विझवण्याच्या कप्प्यात ढकलतं, आणि प्रवाह उलटा झाला तर चुकीच्या बाजूला ढकलतं. इथे 'इनपुट' आणि 'आउटपुट' हे शब्द कोलमडतात. बॅटरी चार्ज होताना प्रवाह आत जातो, वापरताना बाहेर येतो. एकाच टोकाला सकाळी आवक, रात्री जावक. बॅटरीच्या वाटेवर दोन्ही दिशांना चालणारा ब्रेकर लागतो, आणि शब्दही दिशेऐवजी ठिकाण सांगणारे लागतात: 'बॅटरीकडचं टोक', 'इन्व्हर्टरकडचं टोक'.

तसंच नुसता 'ब्रेकर' कधी लिहू नये. ५००० वॉटच्या भाराला २३० व्होल्टला सुमारे २२ अँपिअर लागतात, तर ४८ व्होल्टच्या बॅटरीकडून, इन्व्हर्टरमधली घट न धरताही, सुमारे १०४. म्हणजे एका जागचा ब्रेकर दुसऱ्या जागी चालत नाही. षष्ठी हवीच: बॅटरीचा ब्रेकर, पॅनेलचा ब्रेकर, घराकडचा ब्रेकर. 'मेन बंद करा' तर मुळीच नको. ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारांत विजेचा दाब (व्होल्टेज) असतो आणि बॅटरीच्या टोकांवर तो दिवसरात्र असतो. एका खटक्यात सगळं निर्जीव होईल असा 'मेन' इथे नसतो.

राहिला पेटीचा शब्द, जो त्यांनी विचारला नाही पण त्यांच्या मसुद्यात डोकावतो. त्यांनी ब्रेकर बसवायच्या पेटीला 'पॅनेल' म्हटलं आहे. छपरावरची सौर पॅनेलं त्याच पानावर असताना 'पॅनेल बंद करून मग उघडा' हे वाक्य वाचणाऱ्यानं काय उघडायचं? 'कॅबिनेट' लिहिलं तर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर आधी मंत्रिमंडळ येतं. 'पेटी' पुरे, फार तर 'ब्रेकरची पेटी'. 'पॅनेल' छपरासाठी राखून ठेवावं.

आता जोडण्याचा क्रम. बहुतेक चार्ज कंट्रोलरांना, म्हणजे पॅनेलकडून बॅटरीत जाणारी वीज आवरणाऱ्या यंत्रांना, आधी बॅटरी आणि मग पॅनेल जोडलेलं लागतं, तोडताना याच्या उलट. तुमच्या संचाची पुस्तिकाही तोच क्रम देत असेल, तर ती ओळ मी अशी लिहीन: 'आधी बॅटरीचा ब्रेकर चालू करा, मग पॅनेलचा. काम करण्यापूर्वी आधी पॅनेलचा ब्रेकर पाडा, मग बॅटरीचा, आणि पेटी उघडल्यावर मीटरनं दाब तपासा.'