उड्या मारा म्हणाले, मार्क कोणी विचारलेच नाहीत

यावेळच्या पत्रांत बरीचशी पत्रं टीव्हीवर, पेपरात आणि मोबाईलवर बायका आणि तरुण मुलं कशी दाखवतात याबद्दल आलीत. सगळी घेता येत नाहीत, चार घेतलीत. पहिल्याला जागा जास्त दिलीये कारण ते मला लागलं.

प्रश्न: ताई, मी यंदा बारावी सायन्स पास झाले. निकालाच्या दिवशी दुपारी कॉलेजात एका पेपरचे फोटोग्राफर आले, आम्हा चौघींना पुढे बोलावलं आणि हात वर करून उड्या मारा म्हणाले. तीनदा मारायला लावल्या, कारण एकीचे डोळे मिटले होते. आमच्यातल्या एकीला तर तोवर स्वतःचा निकालही कळला नव्हता, साईटच उघडत नव्हती. आणि कॉलेजात पहिली आलेली मैत्रीण तिथेच पेढ्यांचा बॉक्स धरून उभी होती, तिला कोणी हाक पण मारली नाही. दुसऱ्या दिवशी फोटो आला, खाली एकीचंही नाव नाही, वर 'यंदाही मुलींचीच बाजी'. मला राग आला तर घरी म्हणतात, पेपरात फोटो आला ना, अजून काय पाहिजे. माझं चुकतंय का?
– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर: नाही गं, अजिबात चुकत नाहीये. मी अकरा वर्षं एका पेपरच्या डेस्कवर काम केलंय आणि 'मुलींचीच बाजी' हे हेडिंग मी स्वतःच्या हाताने कितीतरी वेळा दिलंय, त्यामुळे हे उत्तर म्हणजे थोडी कबुली पण आहे. हेडिंग खोटं नसतं. २०२४ ला राज्यात बारावीला मुली पास झाल्या ९५.४४ टक्के आणि मुलं ९१.६० टक्के, आणि हा फरक दरवर्षीचाच आहे. पण बातमी तिथे संपते ना, ते वाईट आहे. या पुढे गेलेल्या मुलींपैकी किती जणींना इंजिनीअरिंगला बाहेरगावी पाठवतात, किती जणींना घराजवळच्या कॉलेजात जा म्हणतात, किती जणींचं स्थळ बघायला सुरुवात होते, हे बघायला जुलै-ऑगस्टमध्ये कोणीच जात नाही. मी पण कोणाला पाठवलं नाही.

फोटोचं कसं होतं सांगते. संध्याकाळी पान लावायचं असतं, निकाल दुपारी लागतो, फोटोग्राफरला दोन-तीन कॉलेजं करायची असतात. त्याला 'आनंद' हवा असतो आणि गेल्या वर्षी पहिल्या पानावर कुठला फोटो लागला होता ते त्याला पाठ असतं, म्हणून तो परत तोच काढतो. नावं लिहून घ्यायला पाच मिनिटं लागतात, ती त्याच्याकडे नसतात किंवा नाहीत असं त्याला वाटतं, आणि कॅप्शन नसलेला फोटो डेस्कवर आला की आम्ही लिहायचो 'जल्लोष करताना विद्यार्थिनी'. राजकारण्यांच्या ग्रुप फोटोत मात्र 'डावीकडून' करत सगळी नावं लागायची, एक राहिलं तर दुसऱ्या दिवशी फोन यायचा. तुमच्यासाठी फोन करणारं कोणी नव्हतं.

बायका पेपरात दिसत नाहीत असं नाहीच, दिसतात खूप, पण बोलायची वेळ आली की कोणी त्यांना विचारत नाही. बजेटच्या दिवशी बघ, आकडे समजावून सांगायला टीव्हीवर पुरुष बसलेले असतात आणि 'गृहिणींची प्रतिक्रिया' म्हणून एका ताईंना सिलेंडरचा भाव विचारतात, त्या ताई बँकेत ऑफिसर असल्या तरी. ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट म्हणून एक पाहणी आहे, साधारण पाच वर्षांनी होते, एकच दिवस ठरवून जगभरातल्या बातम्या मोजतात. १९९५ ला ज्यांच्याबद्दल बातमी आहे किंवा ज्यांना बातमीत विचारलंय अशा माणसांत बायका होत्या १७ टक्के. २०२० ला शंभरहून जास्त देशांत मोजलं तेव्हा २५. पंचवीस वर्षांत आठ टक्के, बास. यात नुसता दुष्टपणा आहे असं मला वाटत नाही, रिपोर्टरच्या मोबाईलमध्ये जे नंबर सेव्ह असतात तेच लागतात, आणि ती यादी एकदा पुरुषांची झाली की एकाकडून दुसऱ्याकडे तशीच जाते.

तू एक कर. त्या पेपरच्या संपादकांना चार ओळींचं पत्र लिही, रागाचं नको, फोटोतल्या चौघींची नावं आणि मार्क लिही, आणि पेढेवाल्या मैत्रिणीला विचारून तिचंही. छापलं तर उत्तमच, नाही छापलं तर ते पत्र मला पाठव, याच सदरात लावते.

प्रश्न: माझी नात आठ वर्षांची आहे, भातुकली खेळताना ती 'कारस्थानी काकू' होते, डोळे बारीक करून बाहुलीच्या दुधात काहीतरी टाकते. मालिका मीच बघते संध्याकाळी, ती शेजारी बसते. सगळ्या मालिकांत बाईच बाईच्या मुळावर उठलेली का असते?
– एक आजी, अकोला

उत्तर: काकू, यात पैशाचं गणित बरंच आहे. घोडबंदर रोड म्हणा, सातारा-वाई म्हणा, एक बंगला भाड्याने घेतात आणि मालिका वर्षानुवर्षं त्याच घरात चालते. पुरुष सकाळी 'ऑफिसला' जातात, ते ऑफिस दाखवायचं म्हणजे वेगळा सेट, वेगळा खर्च. मग उरल्या घरातल्या बायका आणि रोज एक एपिसोड द्यायचा तर रोज भांडण हवं, म्हणून खलनायिकाही घरातलीच. पण हे असंच चालतं असं म्हणून सोडू नका, कारण तुम्हाला आठवत असेल, सह्याद्रीवर 'दामिनी' लागायची, रोजचीच मालिका, आणि त्यात प्रतीक्षा लोणकर पत्रकार होत्या, अन्यायाच्या मागे लागणाऱ्या. आमच्या वाड्यात त्या वेळेला सगळी दारं उघडी आणि सगळ्या घरांतून तेच शीर्षकगीत यायचं. लोकांनी ती बघितली होती, म्हणजे लोकांना फक्त कारस्थानंच आवडतात हे चॅनलवाल्यांचं म्हणणं मला पटत नाही. नातीला टीव्हीपुढून उठवू नका, फक्त मधेच विचारा, ही काकू दिवसभर कामाला कुठे जाते गं?

प्रश्न: आम्ही पुण्यात एमपीएससी करतो. टीव्हीवर आम्ही एक तर अलका चौकात घोषणा देताना दिसतो नाहीतर 'शेतकऱ्याचा मुलगा झाला डेप्युटी कलेक्टर' म्हणून. मधले आम्ही लाखभर कुठे गेलो?
– एक विद्यार्थी, सदाशिव पेठ

उत्तर: अगदी खरंय. मार्च २०२१ ला परीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली तेव्हा तुम्ही रस्त्यावर आलात, २०२३ ला परीक्षेचा नवा पॅटर्न लगेच नको, २०२५ पासून लागू करा म्हणून आलात, तेवढेच दिवस कॅमेरे होते. अभ्यासिकेतली खुर्ची, मेसचं बिल, तिसऱ्या अटेम्प्टनंतर घरी फोन करायची टाळाटाळ, हे लिहायला तुमच्यातलंच कोणीतरी लागेल. लिहून पाठवा, हजार शब्द, मी थांबते.

प्रश्न: आमच्या गावातल्या एका शाळकरी मुलीवर अत्याचार झाला. एका लोकल यूट्यूब चॅनलने नाव नाही घेतलं पण शाळेची कमान, तिची गल्ली, वडिलांचं दुकान सगळं दाखवलं. ते म्हणतात आम्ही नाव कुठे सांगितलं. हे चालतं का?
– एक शिक्षिका, जि. लातूर

उत्तर: नाही चालत, आणि हा नुसता नियमभंग नाही, सरळ गुन्हा आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याचं कलम २३ वाचा, त्यात नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, आजूबाजूचा परिसर, ओळख पटेल असं काहीही सांगायला बंदी आहे. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि चॅनलचा मालकही जबाबदार. परवानगी फक्त विशेष कोर्ट देऊ शकतं, तेही मुलीच्या हितासाठी. डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की आडवळणाने सुद्धा ओळख उघड करायची नाही. 'नाव कुठे सांगितलं' ही पळवाटच नाही.

गावात कमान दिसली की झालं ना, कोणाला कळायचं राहतं? ती मुलगी उद्या त्याच कमानीखालून शाळेत येणार आहे.

तुम्ही लेखी तक्रार पोलीस स्टेशनला द्या, चाइल्डलाइन १०९८ वर पण कळवा, आणि व्हिडिओची लिंक, तारीख, वेळ आजच लिहून ठेवा कारण तक्रार गेली की ते डिलीट करतात. यूट्यूबला रिपोर्टही करा. मात्र पुरावा म्हणून सुद्धा तो व्हिडिओ शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, आणि कोणी टाकला असेल तर आत्ताच काढायला लावा.