दलालीतले किती हाती उरते?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

घर-जमिनीच्या दलालीत माणूस किती कमावतो, असे तू विचारले आहेस. नुसता टक्का कळवून मला मोकळे होता आले असते. परंतु टक्का मोजला जातो विक्रीच्या किमतीवर आणि घरखर्च चालतो तो शेवटी हातात पडणाऱ्या रकमेवर, म्हणून मधल्या सगळ्या पायऱ्या मांडतो.

किमतीचे १०० भाग धर. कमिशन ५ टक्के ठरले आणि विकणाऱ्याचा व घेणाऱ्याचा एजंट वेगळा असला, तर समान वाटणीत तुझ्याकडे अडीच भाग येतात. तू ज्या फर्मच्या नावाने काम करशील तिने त्यातले ४० टक्के ठेवून घेतले, की दीड भाग उरतो. जाहिरात, प्रवास, परवान्याचे शुल्क आणि आयकर हे सारे त्या दीड भागातूनच भागवायचे असते.

पैसे कधी मिळतील, हा प्रश्न मला याहून महत्त्वाचा वाटतो. दलाली बहुधा व्यवहार पूर्ण झाल्यावरच मिळते; तोपर्यंत कर्जाची मंजुरी आणि कागदपत्रांची छाननी यांत महिने जातात, आणि सौदा मोडला तर त्या महिन्यांच्या श्रमाचे काहीच मिळत नाही. माझ्या पहिल्याच वर्षी इसार दिलेला एक व्यवहार मालकीच्या कागदांतील त्रुटीमुळे खरेदीखताच्या आदल्या आठवड्यात फिसकटला, आणि त्या कमिशनच्या भरवशावर मी आधीच उसने घेऊन बसलो होतो. निदान सहा महिन्यांचा खर्च गाठीशी असल्याखेरीज तू नोकरी सोडू नयेस.

आता एक नाजूक गोष्ट. घर १०० ऐवजी १०४ भागांना विकले गेले, तर मालकाला जवळजवळ ४ भाग अधिक मिळतात, पण तुझा दीड भाग वाढून केवळ १.५६ होतो, त्यामुळे थांबण्यापेक्षा चटकन सौदा उरकण्याचा मोह प्रत्येक एजंटाला होतो. शिकागो परिसरातील घरविक्रीच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एजंटांनी स्वतःची घरे इतरांच्या तशाच घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के अधिक किमतीला विकल्याचे आणि त्यासाठी सुमारे साडेनऊ दिवस जास्त थांबल्याचे आढळले. तो मोह ओळखून वाग, कारण पुढची कामे बरीचशी जुन्या ग्राहकांच्या शब्दावरच येतात.

मोबदला नेहमी लेखी ठरव. अमेरिकेतील एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने तर ऑगस्ट २०२४ पासून, घर दाखवण्यापूर्वीच खरेदीदाराशी तसा करार करण्याचे बंधन आपल्या सदस्यांवर घातले आहे.

फर्मशी बोलशील तेव्हा वाटणी किती, दरमहा शुल्क आहे का आणि तू सोडून गेल्यावर अर्धवट राहिलेल्या सौद्यांचे कमिशन कोणाचे, हे तिन्ही विचार. करारनामा हाती आला, की सही करण्याआधी मला पाठव.

तुझा हितचिंतक