३० व्हीआर बॉक्स की एक हेडसेट? शाळेसाठी घेताना

सर, माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या ६० हजारांत आठवी-नववीच्या विज्ञानासाठी फोन घालायचे ३० व्हीआर बॉक्स (डोळ्यांना लावून आभासी जग बघायचे) घ्यावेत की स्वतःची स्क्रीन असलेला एकच चांगला हेडसेट, असं तुम्ही विचारलंय. बॉक्स घेतले तर प्रत्येक मुलाच्या हातात काहीतरी पडेल, ही तुमची ओढ मला पटते. तरी माझं मत आधीच सांगते: ३० बॉक्स घेऊ नका. ही चूक होताना मी जवळून पाहिली आहे.

२०१७ मध्ये भाच्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाला मी मदतीला गेले होते. शाळेने १२ बॉक्स आणले होते, फोन शिक्षकांचे आणि पालकांचे. सकाळी एकेक फोन आत घालून पाहायला लागलो, तर १२ पैकी ५ फोनांतच मान वळवल्यावर चित्र वळत होतं. बाकीच्या फोनांत जायरोस्कोपच नव्हता. फोन कुठल्या बाजूला किती वळला हे मोजणारा हा सेन्सर. फोन आडवा केला की स्क्रीन आडवी होते, ते काम दुसऱ्या सेन्सरचं असतं. त्यामुळे आपल्या फोनमध्ये सगळं आहे असा लोकांचा समज होतो. स्वस्त फोनांत खर्च वाचवायला बऱ्याचदा जायरोस्कोपलाच काट मारतात. मुलं रांगेत उभी होती आणि सात बॉक्स टेबलावर तसेच पडून राहिले. बॉक्स पाचशे-सातशेचा असतो, पण खरं यंत्र आतला फोन आहे. ३० बॉक्स म्हणजे ३० चांगले फोन, आणि ते ६० हजारांत येत नाहीत. दोन-तीन हजारांचे, हेडफोन जोडलेले ‘प्रीमियम’ बॉक्स दिसतील, त्यांनाही भुलू नका. भिंगं थोडी बरी असतात, बाकी चित्र दाखवणारा फोन तोच.

मला या बॉक्सबद्दल मनापासून प्रेम आहे. २०१४ मध्ये गूगलच्या पॅरिसमधल्या दोन इंजिनिअरांनी पुठ्ठा, दोन भिंगं आणि एक लोहचुंबक घेऊन कार्डबोर्ड बनवला, तेव्हा कुणालाही घरी कापून चिकटवता येईल अशी ही गोष्ट होती. पण त्यामागची वस्ती आता उठली आहे. फोन घालायचेच पुढचे प्रकार म्हणजे सॅमसंगचा गिअर व्हीआर, तो २०१५ मध्ये आला, आणि गूगलचा डेड्रीम, तो २०१६ मध्ये. २०१९ मध्ये गूगलने डेड्रीम बंद केला आणि त्याच वर्षी आलेला सॅमसंगचा नोट १० हा फोन गिअर व्हीआरमध्ये चालतच नव्हता. शाळांसाठी असलेलं गूगल एक्स्पिडिशन्स हे ॲप जून २०२१ मध्ये बंद पडलं, कार्डबोर्डची विक्रीही गूगलने त्याच वर्षी थांबवली. आज बॉक्ससाठी मुख्यतः यूट्यूबवरचे ३६० अंशांचे, म्हणजे मान वळवून चहूबाजूंना बघता येणारे व्हिडिओ उरले आहेत. म्हणूनच कुणी जुना गिअर व्हीआर किंवा ऑक्युलस गो हा जुना हेडसेट स्वस्तात देऊ केला, तरी शाळेच्या पैशांतून घेऊ नका.

आता मुख्य फरक. बॉक्समधला फोन मान कुठे वळली तेवढं ओळखतो, डोकं कुठे सरकलं ते त्याला कळत नाही. समोर हृदयाचं मोठं प्रतिरूप आहे असं समजा. मुलगी झडप जवळून बघायला पुढे वाकली, तर अख्खं हृदय तिच्याबरोबर तेवढंच मागे जातं. ते कधी जवळ येतच नाही. चांगल्या हेडसेटला बाहेरच्या बाजूने कॅमेरे असतात. ते खोलीतल्या भिंती, टेबलांच्या कडा पाहून डोकं नेमकं कुठे आहे ते सतत मोजत राहतात. त्यामुळे वाकलं की जवळ दिसतं, बाजूला पाऊल टाकलं की मागची बाजू दिसते, हातातल्या कंट्रोलरने वस्तू उचलून फिरवता येते. फोनच्या बॉक्समध्ये मूल चित्राच्या मधोमध बसलेलं असतं, हेडसेटमध्ये ते वस्तूपाशी उभं असतं. विज्ञान शिकवायला मला हा फरक किमतीच्या फरकापेक्षा मोठा वाटतो.

व्हीआर बघताना काहींना मळमळतं, त्याचं मूळही इथेच आहे. एसटीत पुस्तक वाचताना गाडी लागते, कारण कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव म्हणतो आपण हलतोय आणि डोळे म्हणतात आपण स्थिर आहोत. व्हीआरमध्ये उलटं होतं: डोळ्यांना हालचाल दिसते, कानाला काहीच जाणवत नाही. मुलं पहिल्यांदा हटकून रोलर कोस्टरचा व्हिडिओ मागतात. तो लावू नका, कुठल्याही यंत्रावर. बॉक्समध्ये आणखी भर अशी, की मूल नकळत पुढे-मागे डोलतं ते चित्रात उमटतच नाही, आणि फोन तापला की चित्र अडखळायला लागतं. मान वळल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ साधारण २० मिलिसेकंदांच्या आत राहावा असं या क्षेत्रात मानतात. चांगले हेडसेट त्यासाठीच घडवलेले असतात.

चित्राच्या स्पष्टतेबद्दल मात्र विक्रेते जे सांगतात ते जरा तपासून घ्या. फुल एचडी फोनची स्क्रीन दोन डोळ्यांत वाटली की प्रत्येकाला जेमतेम ९६० बाय १०८० ठिपके येतात. मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३एस या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याला १८३२ बाय १९२० मिळतात. फरक मोठा आहे, पण ३६० अंशांच्या व्हिडिओत तो पूर्ण दिसत नाही. ४के व्हिडिओचे आडवे ३८४० ठिपके पूर्ण वर्तुळाभोवती पसरलेले असतात, म्हणजे समोरच्या ९० अंशांत ९६०च. भारी हेडसेट लावूनही तो व्हिडिओ धूसरच दिसणार. नुसते ३६० व्हिडिओ दाखवायचे असतील, तर हेडसेटवर पैसे घालवू नका. दोन-चार बॉक्स पुरतात.

तुम्हाला मात्र हृदय, सूर्यमाला, अवकाश स्थानक शिकवायचं आहे, म्हणून माझी निवड एकच हेडसेट: क्वेस्ट ३एस. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो अमेरिकेत २९९ डॉलरला आला. इथे आयात करून विकणारे त्यावर बरेच चढवतात, तरी तुमच्या रकमेत बसेल. घेताना पक्कं बिल मागा आणि बिघडल्यास दुरुस्ती कोण करणार हे लेखी घ्या. क्वेस्ट ३ची भिंगं जास्त चांगली आहेत, कडेपर्यंत स्वच्छ दिसतं, पण शाळेच्या कामाला मी ते जास्तीचे पैसे घालणार नाही. कॉम्प्युटरला किंवा प्लेस्टेशनला जोडायचे हेडसेट आणि ॲपलचा ३,४९९ डॉलरचा व्हिजन प्रो यांचा विचारच नको.

एका हेडसेटमध्ये वर्ग कसा बसवायचा? ४० मुलांना तीन-तीन मिनिटं म्हटलं तरी दोन तास झाले, आणि बॅटरीही साधारण तेवढीच टिकते. म्हणून सगळ्यांना एकाच दिवशी घालायला देऊ नका. हेडसेटमध्ये दिसतं ते वाय-फायवरून फोनवर किंवा लॅपटॉपवर आणि तिथून प्रोजेक्टरवर दाखवता येतं. एक विद्यार्थी आत, बाकीचा वर्ग पडद्याकडे बघत त्याला सांगतोय, ‘डावीकडे वळ, ती झडप उघड.’ मी हे करून पाहिलं आहे, आणि आतल्यापेक्षा बाहेरच्या मुलांनी जास्त प्रश्न विचारले. आठवड्याला सहा-सात मुलांची पाळी ठेवलीत तर दीड महिन्यात वर्ग पूर्ण होतो. साधारण दोन मीटर बाय दोन मीटर जागा मोकळी ठेवा. खोलीत उजेड हवा, अंधारात कॅमेऱ्यांचं मोजमाप बिघडू शकतं. सुरुवातीला ‘मिशन आयएसएस’ हे ॲप लावा, कठडे धरून अवकाश स्थानकात तरंगत फिरायचं असतं. ज्याला गाडी लागते त्याला मात्र ते खाली बसवून दाखवा.

चष्म्याची मुलं मागे पडतात, त्यांच्याकडे मुद्दाम लक्ष द्या. बऱ्याच बॉक्समध्ये चष्मा मावत नाही आणि काढला तर सगळं धूसर. भिंगांमधलं अंतरही त्यांत अनेकदा ठरलेलं असतं, लहान चेहऱ्याच्या मुलांचे डोळे त्यात नीट बसत नाहीत. ३एसमध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर असे तीन टप्पे आहेत. प्रत्येक मुलासाठी बदलून बघा, आळस करू नका. वयाचं म्हणाल तर मेटाची किमान मर्यादा १० वर्षं आहे, तेही १३ च्या आत पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यावर. तुमच्या आठवीत बारा-तेराची सरमिसळ असणार, तेव्हा पालकांची संमती आधी घ्या. डोळे आल्याची साथ असेल तर महिनाभर हेडसेट कपाटात ठेवा. एरवी प्रत्येक मुलानंतर चेहऱ्याला टेकणारा भाग पुसायचा, भिंगं मात्र फक्त कोरड्या मऊ कापडाने.

आणि उन्हाची काळजी! माझा पहिला हेडसेट मी खिडकीत पालथा ठेवला होता. भिंगातून ऊन आत गेलं आणि स्क्रीनवर दोन पिवळे डाग कायमचे राहिले. भिंगाने कागद जाळतो तोच प्रकार, काही मिनिटांत होतो. वापरून झाला की लगेच डब्यात, आणि ही जबाबदारी एका ठरावीक विद्यार्थ्याकडे.

उरलेल्या पैशांत दोन-तीन बॉक्स घ्या, जायरोस्कोप असलेल्या शिक्षकांच्या फोनवर ३६० व्हिडिओ दाखवायला ते उपयोगी पडतील. पण त्याआधी उद्याच स्टाफरूममध्ये एक गोष्ट करा. प्रत्येकाच्या फोनवर यूट्यूबवरचा एखादा ३६० व्हिडिओ लावा, फोन डोळ्यांसमोर धरून जागीच गोल फिरा. चित्र सलग फिरलं तर तो फोन चालेल, बोटाने ओढावं लागलं तर नाही. किती फोन पास झाले ते इथे कळवा, म्हणजे बॉक्स किती घ्यायचे ते ठरवू.